मी गाळलेली दोन पानं

सर, तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले आणि मी अजून तुमच्यावर रागावलेलीच आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण वीस वर्षं तुम्ही मला एकच गोष्ट घोकून घोकून शिकवलीत, की कुठल्याही वाक्यावर आधी संशय घ्यायचा आणि मग जमलं तर जीव लावायचा. म्हणून सध्या मी तुमच्या एकेका वाक्यावर संशय घेत बसले आहे. जीव आधीच लावून झालाय, ही त्यातली अडचण.

परवा स्मृतिअंकाच्या संपादकांचा फोन आला. अंकात सगळ्यात आधी तुमचा तो जिन्यावरचा लेख पुन्हा छापायचं त्यांनी ठरवलंय. म्हणाले, "मॅडम, लेखातली अवतरणं तेवढी मूळ कादंबरीशी ताडून द्या. सरांना ती तुम्हीच वाचून दाखवली होती ना? मग तुमच्याइतकं विश्वासाचं माणूस कोण?" विश्वासाचं माणूस म्हटल्यावर मला ठसकाच लागला. त्यांनी कुठून तरी कादंबरीची जुनी प्रत मिळवली होती आणि काल तिची झेरॉक्स घरी येऊन पडलीसुद्धा. शनिवारपर्यंत तपासून द्यायचंय. आज गुरुवार.

तेव्हा आता सांगूनच टाकते. त्या कादंबरीची दोन पानं मी तुम्हाला वाचून दाखवली नाहीत. एकशे बेचाळीस आणि एकशे त्रेचाळीस. आणि ज्या लेखामुळे लोक तुमचं नाव घेतात, तो लेख नेमका त्या दोन पानांच्या नसण्यावर उभा आहे. हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं, एवढाच माझा प्रश्न आहे. तो विचारायला मी तुम्ही जाईपर्यंत थांबले, हे माझं शौर्य.

मी तुमच्याकडे यायला लागले तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. चितेगावजवळच्या आमच्या खेड्यातून शिकायला आलेली, पुंडलिकनगरात मामाकडे राहणारी वीस वर्षांची पोरगी. तुम्ही आमच्या कॉलेजात मराठी शिकवायचात. लहानपणीच दृष्टी गेलेली, त्यामुळे पुस्तकं तुमच्यापर्यंत कुणाच्या तरी तोंडून यायची, आणि त्या वर्षी ते तोंड माझं होतं. दर गुरुवारी दुपारी सायकल काढून मुकुंदवाडीला यायचं. स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत तुमचं घर. तुम्ही आणि तुमच्या थोरल्या बहीण आपा, दोघंच. आपा आत स्वयंपाकघरात, तुम्ही खिडकीपाशी खुर्चीत, मी समोर स्टुलावर. चांगलं वाक्य आलं की तुम्ही हात वर करायचात. "सबर. परत वाच."

पहिल्याच महिन्यात तुम्ही मला बजावलं होतंत, "गोष्टीत काय चाललंय तिकडं बघू नको. ते लेखक स्वतःच दाखवतो. तो शब्द कुठं जपून वापरायला लागला ते बघ. माणूस जिथं कमी बोलतो तिथं त्यानं काहीतरी दडवलेलं असतं." तुम्ही कादंबरीबद्दल बोलत होता, मी ते घरी लावायला लागले. मामी एखाद्या दिवशी जेवताना गप्प राहिली की मला घास उतरायचा नाही. पुढं लग्न झाल्यावर नवऱ्याचं "काही नाही" हे दोन शब्दांचं उत्तर मी इतक्या वेळा उलटंसुलटं करून बघितलं, की तो म्हणाला, तुझ्या सरांनी माझ्या संसारात पाचर मारून ठेवली. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही लई खूश झाला होता.

मग ती कादंबरी आली. लायब्ररीच्या तळातल्या कपाटातून मीच शोधून आणली होती. गोष्ट म्हटली तर एवढीशी. तालुक्याच्या गावातला किराणा दुकानदार, वरच्या खोलीत भाड्यानं राहणारा शाळामास्तर. दुकानदाराची बायको रोज संध्याकाळी मास्तरला जेवणाचं ताट वर नेऊन देते आणि नवरा खाली दुकानात बसून जिना ऐकतो. चौदा पायऱ्या वर, चौदा पायऱ्या खाली. तिसऱ्या पानावरच तुम्ही खुर्चीत सरसावून बसलात. म्हणालात, "हा गडी आमच्यातला दिसतो. कानानं बघतोय."

तुम्ही मला मोजायला लावलंत. ती वर गेली आणि ती खाली आली, ह्या दोहोंच्या मध्ये लेखक किती वाक्यं घालतो? पहिल्या प्रकरणात एक, नवरा गूळ तोलतो. चौथ्यात तीन. सातव्यात पाऊण पान, आणि त्या पाऊण पानात नुसती गिऱ्हाइकं. कुणाला पावशेर डाळ, कुणाला काडेपेटी, कुणाला वातीचा कापूस. नवरा अस्वस्थ आहे असं लेखक कुठंही म्हणत नाही. तो फक्त तिला खाली यायला उशीर करतो. शिवाय सातव्या प्रकरणानंतर नवऱ्याचं नाव येणंच बंद होतं, उरतो नुसता 'तो'. विशेषण तर शोधून सापडायचं नाही. "बघ," तुम्ही म्हणालात, "भीतीचा एक शब्द नाही आन डाळ-काडेपेटीवर माणसाचा जीव टांगून ठेवलाय." मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की वाक्याला लांबी असते आणि ती कुणीतरी ठरवलेली असते. त्या एका दुपारचे माझ्यावर फार उपकार आहेत, ते राग बाजूला ठेवून मान्य करते.

अकराव्या प्रकरणात ती ताट घेऊन वर जाते. चौदावी पायरी वाजते आणि एकशे एक्केचाळिसावं पान संपतं. मी पान उलटलं, नजर पुढं धावली आणि माझे कान तापले. खोलीत काय चाललंय ते लेखकानं सगळंच्या सगळं लिहून ठेवलं होतं. समोर सर बसलेले, आत आपा कांदा चिरतायत, आणि मी ते शब्द मनातसुद्धा वाचायला धजत नव्हते, तर मोठ्यानं कसली वाचते. मी गपकन आणखी एक पान उलटलं आणि बारावं प्रकरण सुरू केलं. सकाळ झाली होती. बाई अंगण झाडत होती.

तुम्ही हात वर केलात. मग विचारलंत, "पानं चिकटली होती का गं?"

"हो सर."

"सुटली?"

"सुटली."

"बरं. वाच."

आता हा संवाद मी तुमच्याच पद्धतीनं तपासते. एरवी एका स्वल्पविरामावर अर्धा तास बोलणारा माणूस त्या दिवशी एकेका शब्दावर आला होता. का? पान उलटल्याचा आवाज लागोपाठ दोनदा आला, हे तुमच्या कानांना कळलं नसेल असं मी अनेक वर्षं स्वतःला पटवत आले. ज्याला रस्त्यावरच्या चपलांवरून माणूस ओळखू येतो त्याला हे कळू नये?

तीन आठवड्यांनी तुम्ही लेख सांगायला बसलात आणि तो मीच उतरवून घेतला. तुम्ही सांगत होता, की लेखकानं बाईला वर नेलं आणि खाली आणलंच नाही. सगळी कादंबरी चढ-उताराच्या लयीवर चालवली आणि ऐन वेळी उतरण्याचं वाक्यच लिहिलं नाही. वर काय झालं ते नवऱ्याला कळत नाही, आपल्यालाही कळत नाही, ती निर्दोष असेलही आणि नसेलही, आणि पुस्तक मिटल्यावर वाचकही त्या दुकानात कान लावून बसून राहतो. माझा हात थांबला. तुम्ही विचारलंत, "पेन संपला का?" मी म्हटलं नाही. "मग लिही की." मी लिहिलं. तो लेख आजही माझ्या अक्षरात आहे.

लेख छापून आला आणि त्याचं कौतुक झालं. कादंबरी कुणाकडे नव्हतीच, त्यामुळे पडताळून कोण बघणार? एकाच माणसानं बघितलं. जालन्याच्या कुणी निवृत्त शिक्षकांनी पोस्टकार्ड पाठवलं, की आपण कुठली आवृत्ती वाचलीत, माझ्या प्रतीत तर बाई खाली उतरते. तुमची डाकही मीच वाचायचे. त्या दिवशी तीन पत्रं होती. दोन वाचली. तिसरं पिशवीत टाकलं.

"आज दोनच?" तुम्ही विचारलंत.

"दोनच."

पानं मी लाजेनं गाळली होती, पत्र मात्र भीतीनं दडपलं. ह्या दोन गोष्टी एक नाहीत, हे मला तेव्हाही कळत होतं. सांगितलं असतं तर तुम्हाला चूक दुरुस्त करता आली असती. मी तुमची ती संधी हिरावून घेतली आणि सायकल हाणत घरी गेले.

त्यानंतर प्रत्येक गुरुवारी दारातून आत येताना मी तुमचा चेहरा वाचायचे. आणि तुम्ही, मला आता दाट संशय आहे, मजा बघायचात. आठवतं ते आपलं भांडण? मी म्हणायचे, त्या बाईचं आणि मास्तरचं होतंच. तुम्ही म्हणायचात, "कशावरून?" मी म्हणायचे, वाटतं. "वाटून कसं चालंल? वाक्य दाखव." मला दोन पानं भरून वाक्यं माहीत होती आणि एकही दाखवता येत नव्हतं. पंधरा वर्षं आपण हे भांडण भांडलो. माझं लग्न झालं, मुलगी झाली, मी शाळेत मराठी शिकवायला लागले, तरी गुरुवारी चहा आला की तुम्ही ते उकरून काढायचात. मी चिडले की मिशीत हसून म्हणायचात, "तुला त्या घरातली लई माहिती दिसते." हे निर्मळ मनाचं हसणं होतं असं आता मला कुणी शपथेवर सांगितलं तरी पटायचं नाही.

आणि दोन महिन्यांपूर्वीचा तो गुरुवार. पुस्तकाचं पान समोर धरलं की वाचून दाखवणारा फोन तुम्ही घेतला होता आणि त्याच्या मराठी उच्चारांवर तोंडसुख घेत होता. मध्येच म्हणालात, "ते अकरावं प्रकरण परत ऐकायचं राहिलंय. पुस्तक आण ना." मी म्हटलं, लायब्ररीतून बाद झालं, सर. मी लायब्ररीची पायरीसुद्धा चढले नव्हते. तुम्ही म्हणालात, "मिळंल, मिळंल. मला घाई नाही." घाई नाही. किती शांत वाक्य. असं शांत वाक्य आलं की सावध व्हावं, हे तुमचंच शिकवणं, आणि मी गाढवासारखी निश्चिंत होऊन घरी गेले.

काल इथवर लिहून थांबले होते. आज शुक्रवारी शाळा सुटल्यावर झेरॉक्स घेऊन आपांकडे गेले. तुम्ही गेलात त्या दिवशी पुरुष मंडळी तुम्हाला कब्रस्तानात घेऊन गेली आणि मी आपांजवळ बसून होते. आज मी त्यांना सगळं सांगितलं. पानं, पोस्टकार्ड, लायब्ररीची थाप, सगळं. आपा लसूण सोलत होत्या. त्यांचा हात काही थांबला नाही.

"मालूम है," त्या म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"तू दो पन्ने खाई सो. उसी दिन बोल्या था मेरे कू. तू गई, सायकल की आवाज गई, और बोल्या, पोट्टी शर्मा गई, दो पन्ने खा गई."

"आणि पोस्टकार्ड?"

"चिठ्ठ्यां तो मैंच लाके दी थी उसके हात में. तीन. तू दोच पढ़ी. उसकू गिनना नै आता था क्या?"

सर, म्हणजे लेख सांगताना, पेन संपला का म्हणून विचारताना, तुम्हाला ठाऊक होतं. पुढं पंधरा वर्षं वाक्य दाखव, वाक्य दाखव म्हणत मला चिमटे काढताना ठाऊक होतं. त्या पानांत काय आहे हे तुम्हाला कधी कळलं का, ते मात्र आपांना माहीत नाही. त्या खरं बोलतायत की मी रडू नये म्हणून बोलतायत, असंही एकदा मनात येऊन गेलं. आता माझा स्वभावच तसा झालाय, त्याला कोण काय करणार?

आपांनी लसणाची परडी बाजूला ठेवली. "पढ़ तो जरा. था क्या उसमें इत्ता?"

मग मी वाचलं. तुमच्या घरात, त्याच स्टुलावर बसून, एकशे बेचाळीस आणि एकशे त्रेचाळीस. मोठ्यानं, एक शब्द न गाळता. सत्तरी ओलांडलेल्या आपा डोक्यावरचा पदर सावरून ऐकत होत्या. संपल्यावर त्या थोडा वेळ वाट बघत राहिल्या.

"बस? इत्ताच?" आपा म्हणाल्या.

इत्ताच होतं, सर. आणि वाईट होतं. अकरा प्रकरणं ज्या माणसानं एक विशेषण वापरलं नाही, त्यानं इथं चंद्र काढलाय, मोगरा काढलाय, थरथरणारे ओठ आणि लवलवणारी ज्योत काढलीये. वाक्यं लांबलचक झालीयेत. ज्या नवऱ्याच्या कानांनी आपण सगळं ऐकत आलो तो दोन पानं गायबच आहे. आणि शेवटी बाई चौदा पायऱ्या व्यवस्थित उतरून खाली येते, की ताण संपला. लेखकाचा स्वतःच्या गप्प बसण्यावर भरवसा राहिला नाही. माझ्या लाजेनं कादंबरी सुधारली असं म्हणायचा मोह होतो, पण तो हक्क माझा नाही. त्यानं लिहिलं ते त्याचं. तुम्ही ज्या कादंबरीवर लेख लिहिलात ती कुणी लिहिलेलीच नाही. ती फक्त मुकुंदवाडीत गुरुवारच्या दुपारी तिघांनी ऐकली.

तिथूनच संपादकांना फोन लावला. सांगितलं, लेख आहे तसा छापा, पण त्याच्या खाली माझ्या नावानं टीप टाका. मूळ पुस्तकात बाई खाली उतरते. ती दोन पानं सरांना वाचून दाखवली गेली नाहीत, आणि त्याबद्दल आलेलं पत्रही वाचून दाखवलं गेलं नाही, दोन्ही वेळा वाचणारी मीच होते. ते गडबडले. म्हणाले, "मॅडम, सरांच्या नावाला धक्का लागंल ना." मी म्हटलं, लागू द्या. आणि सरांना मी एक पत्र लिहितेय, तेही टिपेच्या मागं छापा, म्हणजे त्यांना माहीत होतं हेही लोकांना कळेल. तुमच्या वतीनं मी हे ठरवलं. तुम्ही माझ्या बाबतीत वीस वर्षं परस्पर ठरवत आलात, एकदा माझी पाळी.

निघताना चपला घालत होते, तेव्हा राहवलं नाही. आपांना विचारलं, "माहीत होतं तर बोलले का नाहीत कधी? रागावायचं तरी."

आपा दाराला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "तेरे पहले एक आती थी पढ़ने कू. वो भी ऐसेच पन्ने छोडती थी. ये उसकू टोक्या. जोर से नै, हलकाच. दुसरे दिन से वो आईच नै. उसके बाद चार महिने कोई नै था, बेटा. किताब हात में लेके वैसाच बैठा रहता था कुर्सी पे. तेरे वक्त मेरे कू कसम दिया. बोल्या, आपा, तू कुछ मत बोल उसकू. कल से नै आई तो?"

म्हणजे भीत तुम्हीही होता. मी दर गुरुवारी दारात तुमचा चेहरा वाचत होते आणि तुम्ही खुर्चीत बसून माझ्या सायकलचा आवाज येतो का ते ऐकत होता. हे मला एकदा सांगायला तुमचं काय जात होतं, सर? मी आले असते. तुम्ही रागावला असता तर लाजून एक गुरुवार आले नसते, फार तर दोन. तिसऱ्या गुरुवारी आले असते.